हिरव्या कापडाच्या आडोशाला

मित्रांनो, मी जुनी आहे आणि जुनी म्हणवून घ्यायची मला लाज वाटत नाही. मी रुग्णालयातली स्क्रीन आहे. स्क्रीन म्हटल्याबरोबर तुमची बोटं वळवळली असतील, तर ती आवरा. मी मोबाइलची स्क्रीन नव्हे. माझ्यावर काही दिसत नाही, माझं काम झाकायचं. लोखंडी नळ्यांच्या तीन चौकटी, बिजागऱ्यांनी जोडलेल्या, त्यांवर ताणलेलं हिरवं कापड आणि खाली चाकं, एवढाच माझा संसार. कोणाचं अंग पुसायचं असलं की खाटेभोवती मला उभी करतात. एखादं माणूस गेलं, की तेव्हाही मलाच बोलावणं येतं.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत दशरथ नावाच्या वेल्डरने मला जोडलं. त्याचा हात असा, की बावीस वर्षांत माझा एक सांधा सुटला नाही. आजकालच्या वस्तूंचं मला सांगू नका. दसऱ्याला येतात आणि दिवाळीपर्यंत लंगडतात. टेम्पोतून मला अंधेरीतल्याच एका रुग्णालयात आणलं आणि दुसऱ्या मजल्यावर अतिदक्षता विभागात ठेवलं. तिथे आठ खाटा. फार आजारी माणसं तिथे येतात. बरीचशी बरी होऊन जातात, काही जात नाहीत. बाहेर काचेपाशी घरचे लोक उभे असतात. त्यांना यंत्रातलं काही कळत नाही, पण माझं कळतं. मी एखाद्या खाटेकडे निघाले की काचेपलीकडे सगळ्यांचा श्वास अडकतो. असा मान कोणाला नको, पण माझ्या वाट्याला तो आला.

मला शाळा नाही. अक्षर कळत नाही, पण माणसाची पाठ वाचता येते. सिस्टर माझ्या आत आली की तिचं तोंड खाटेकडे आणि पाठ जगाकडे असते. तोंडाला खोटं बोलता येतं, पाठीला येत नाही.

माझ्या चांगल्या दिवसांत तिथे सिस्टर क्लारा प्रमुख होती. मढची बाई. सकाळच्या होडीने वर्सोव्याला उतरायची आणि रिक्षाने यायची. कधीकधी तिच्या बुटांतून वाळू सांडायची, आणि साफसफाईची कुंदा मावशी करवादायची, "सिस्टर, अख्खा किनारा घेऊन या एकदाचा." क्लारा कडक होती. चादरीला सुरकुती दिसली तर पोरींच्या डोळ्यांत पाणी काढायची. पण माणूस गेल्यावर तिची एक रीत होती, आणि ती तिने कोणालाही मोडू दिली नाही.

ती रीत मी पहिल्यांदा नीट पाहिली, ती अक्षता आली तेव्हा. सिस्टर अक्षता घाटकोपरची, मूळ कणकवलीकडची. बावीस वर्षांची पोर, केसांना एवढ्या पिना की डोकं जड व्हावं. पहिल्याच आठवड्यात तिच्या खाटेवरचे एक म्हातारे शिंपीकाका गेले. मला आत ओढून क्लारा म्हणाली, "चल, त्यांना तयार करू." अक्षता हुंदके देत होती.

"रड," क्लारा म्हणाली. "पण हात थांबवू नको. आणि त्यांना नावाने हाक मारून सांग, तू काय करतेस ते."

"त्यांना ऐकू येतं, सिस्टर?"

"ते डॉक्टरांना विचार. आपल्याला ऐकू येतं ना, बस्स झालं."

मग अक्षता बोलू लागली. काका, हातातली सुई काढते हं. काका, तोंड पुसते. काका, आता जबडा बांधते, जरा आवळेल. अंग पुसून झालं, पांढरी चादर घातली. वॉर्डमधल्या माणसांनी त्यांना नेलं, पण क्लाराने मला हलू दिलं नाही. रिकाम्या खाटेशी उभी राहून ती म्हणाली, "आता त्यांची एक गोष्ट सांग आणि मग बाहेर जा."

अक्षताने नाक पुसलं. "काल ते म्हणाले, माझ्या बाहीची शिलाई वाकडी आहे. कोणी शिवली म्हणून शिव्या घातल्या."

क्लारा हसली, आणि ती पोरही रडता रडता हसली. मग दोघी बाहेर पडल्या. बाहेर सात खाटा वाट बघत होत्या.

एवढीच ती रीत होती. गेलेल्याचं नाव घ्यायचं, हातातलं काम त्याला सांगायचं, आणि त्याची एक गोष्ट माझ्या आडोशाला ठेवून जायचं. दोन-चार मिनिटांचा खेळ. पण त्या मिनिटांत पोरींच्या ताठ पाठी सैल होताना मी शेकडो वेळा पाहिल्या आहेत.

मग ती साथ आली. तुम्ही तेव्हा लहान होता, घरात कोंडलेले होता. माझ्या चाकांना त्या दिवसांत उसंत नव्हती. सिस्टरांनी डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकचे झगे घातले. माणूस आत यायचं, तोंडावर मास्क लागायचा, आणि दोन शब्द बोलायच्या आधी जायचं. त्यांची गोष्ट सांगणार कोण? कोणाला ठाऊकच नव्हती. एकदा क्लारा माझ्याआड उभी राहून म्हणाली, "पोरींनो, एक गोष्ट." अक्षता हळूच म्हणाली, "सिस्टर, मला त्यांचा चेहराही नीट दिसला नाही." त्यानंतर क्लाराने विचारलं नाही. साथ ओसरली, झगे गेले, पण मोडलेली रीत काही परत आली नाही. पुढे क्लारा निवृत्त झाली. तिच्या जागी सिस्टर नंदा आली. नंदा वाईट नव्हती. पण खाली पेशंट, वर पेशंट, मध्ये ती. "खाट मोकळी झाली का?" हे एकच वाक्य तिच्या तोंडी उरलं होतं.

आता अक्षताचं ऐका. तिला इथे कामाला लागून नऊ वर्षं झाली होती. हात क्लारासारखा तयार झाला होता. नवीन पोरींना ती बजावायची, "मशीनवर विश्वास ठेवू नका. आधी माणसाला हात लावा." काम चोख, आवाज शांत. सगळे म्हणायचे, अक्षता सिस्टर म्हणजे खंबीर बाई. मी म्हणते, खंबीर कसली? तिची पाठ लाकडाची झाली होती. माझ्याआड आली तरी सैल पडत नव्हती. गेलेल्या माणसाला ती नावाने हाक मारीत नव्हती. "तीन नंबर झाले," एवढंच म्हणायची आणि बांधाबांध करायची. भांडी घासावीत तसे तिचे हात फिरायचे.

कुंदा मावशीच्या नजरेतून हे सुटलं नाही. एका दुपारी माझ्या चाकाला तेल घालता घालता ती म्हणाली, "जेवलीस?"

"भूक नाही, मावशी."

"काल पण नव्हती. तोंड बघ, शिळ्या भाकरीसारखं झालंय."

अक्षता माझ्या चौकटीला टेकून उभी राहिली. "मावशी, सकाळी तीन नंबर गेले ना, त्यांची मुलगी माझ्या खांद्यावर पडून रडत होती. आणि मी काय विचार करत होते, सांगू? धोब्याकडून युनिफॉर्म आणायचा राहिला."

कुंदाने तेलाची बाटली बाजूला ठेवली.

"घरी सिद्धेश बोलत असतो, तर शेजारच्या घरातून आवाज आल्यासारखं वाटतं. नवरा आहे माझा तो. आत काही हलतच नाही गं. मी वाईट झाले का?"

"वाईट माणूस असं विचारत नाही," कुंदा म्हणाली. "पण तू बरी पण नाहीस."

मग अक्षताने सांगितलं. घाटकोपरला, घराजवळच, एका विम्याच्या ऑफिसात काम मिळत होतं. खुर्चीत बसून रुग्णालयांची कागदपत्रं तपासायची. सिद्धेशने शोधलं होतं. शनिवारपर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं.

"जा मग," कुंदा म्हणाली.

"जाईन. पण मावशी, मला भीती वाटते, की मी तिथेही अशीच असेन. इथलं काम सुटेल, पण हे लाकूड माझ्याबरोबर येईल."

हे सोमवारी झालं. बुधवारी जे घडलं ते सांगताना माझंच कापड आकसतं.

पाच नंबरच्या खाटेवर विमला आजी होत्या, बोरिवलीच्या. वय त्र्याऐंशी. नवरा गिरणीत होता, तेव्हा त्यांनी गिरणगावात खानावळ चालवली होती, तीस-तीस कामगारांची. हृदय थकलं होतं. मुलगा सुयोग आणि डॉक्टर यांनी मिळून ठरवलं होतं, की छातीवर दाबादाबी नको, घशात नळी नको, जाताना शांत जाऊ द्यायचं. त्या दिवशी बारा वाजेपर्यंत दोन माणसं गेली होती आणि दोन्ही अक्षताच्या वाट्याला आली होती. डॉक्टर दोन नंबरच्या खाटेपाशी गुंतले होते. पाच नंबरचं यंत्र किंचाळू लागलं. अक्षताने पाहिलं, पडद्यावरची रेघ सपाट. आजींचे डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं.

तिने यंत्राचा आवाज बंद केला. आणि मला ओढत आणलं.

आजींच्या छातीवरची वायर सुटली होती. बोटाला लावलेला चिमटाही कूस बदलताना निसटून चादरीत पडला होता. मला तो दिसत होता. मी ओरडले असते, पण देवाने मला तोंड दिलेलं नाही. नवीन पोरींना जे ती रोज बजावायची, तेच ती विसरली. डॉक्टरांची वाट पाहिली नाही, मनगटावर दोन बोटं ठेवली नाहीत. पट्टी घेतली आणि आजींच्या हनुवटीखाली घातली.

आजींनी डोळे उघडले.

"काय गो बाय," त्या मालवणीत म्हणाल्या, "माका बांधून खंय नेतंस?"

अक्षताच्या हातातली पट्टी गळून पडली. ती मागे सरकली, माझ्यावर आदळली, आणि तशीच खाली फरशीवर बसली. आजी मान वळवून तिच्याकडे बघत होत्या.

"अजून गेलंय नाय मी," त्या म्हणाल्या. "घाई असली तर सांग."

पण तिकडे काचेपलीकडे मी पाच नंबरला लागलेली सुयोगने पाहिली होती. तो फोनवर बहिणीला सांगत होता, "नीघ. आई गेली."

नंदा धावत आली. तिने खाट पाहिली, पट्टी पाहिली, आणि सगळं तिच्या ध्यानात आलं. अक्षताला उठवून ती कुजबुजली, "बाहेर जाऊन सांग, अंग पुसायला स्क्रीन लावली होती. कळलं? तेवढंच सांग."

सोपं होतं ते. रोज मी अंग पुसायलाही लागतेच. अक्षता दारातून बाहेर गेली. दार उघडंच राहिलं, म्हणून मला ऐकू आलं.

"आई आहेत तुमच्या," ती म्हणाली. "माझी चूक झाली. वायर सुटली होती. मी नाडी न बघता स्क्रीन लावली."

सुयोगला आधी काही समजेना. मग समजलं, आणि तो रडायला लागला. रडता रडताच म्हणाला, "तुम्ही लोक आमच्या माणसाकडे बघता तरी का, सिस्टर?"

"आज नाही बघितलं," अक्षता म्हणाली.

त्याने तक्रार लिहिली. लिहायलाच हवी होती. नंदाने अक्षताला सुनावलं, डॉक्टरांनी सुनावलं, वरच्या ऑफिसातही बोलावलं. ती सगळीकडे मान खाली घालून उभी राहिली. पण तिला पाच नंबरवरून काढावं असं नंदाने म्हटलं, तेव्हा खाटेवरून आवाज आला, "ता चेडू ऱ्हवांदे हंयच. आता ता माका नीट बघतला." म्हणजे, ती पोर इथेच राहू दे, आता ती मला नीट बघेल. सुयोगने कपाळाला हात लावला, पण आईपुढे त्याचं कधी चाललं होतं?

गुरुवारी दुपारी अक्षता आजींचं अंग पुसत होती. मी भोवती होतेच.

"जेवलंस?" आजींनी विचारलं.

"नंतर जेवेन."

"तीस माणसांका वाढलंय मी," आजी धापा टाकत म्हणाल्या. "वाढणारणीन आधी चार घास खावचे. नायतर हात कापता, नि आमटी दुसऱ्याच्या अंगावर सांडता. काल माझ्या अंगावर सांडलंस."

अक्षताचे हात थांबले.

"किती जणांका बांधलंस गो आजपर्यंत?"

"मोजले नाहीत, आजी."

"रडतंस?"

"सुरुवातीला रडायचे. आता रडू येत नाही."

श्वास जमवून आजी म्हणाल्या, "मी जायन तेव्हा तूच बांध माका. पण आधी हात लावून बघ."

शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला विमला आजी गेल्या. सुयोग त्यांच्या पायाशी उभा होता. डॉक्टर येण्याआधी अक्षताने मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं. डॉक्टरांनी सांगितलं, तरी तिने सोडलं नाही. सुयोगनेच तिची बोटं हळूच सोडवली. तो बाहेर गेला आणि कुंदाने मला लावलं.

कितीतरी दिवसांनी मी तो आवाज ऐकला. "विमला आजी, सुई काढते हं. आजी, तोंड पुसते. आजी, बांधते आता, हात लावून बघितलंय मी." तिथपर्यंत ती आली आणि तिची पाठ थरथरली. लाकूड चिरावं तशी चिरली. मित्रांनो, ते रडणं एकट्या आजींसाठी नव्हतं. त्यात तीन नंबरचे होते, ज्यांचे चेहरे दिसले नव्हते ते होते, नऊ वर्षांचं सगळं साठलेलं होतं. कुंदाने तिला धरलं नाही. नुसती शेजारी उभी राहिली आणि आजींच्या पायांवर चादर सारखी करत राहिली.

बाहेरून नंदाचा आवाज आला, "पाच नंबर झालं का? खाली पेशंट थांबलाय."

"विमला आजी म्हणा," अक्षता आतून म्हणाली. एवढंच. पण नंदा पुन्हा ओरडली नाही.

त्याच दुपारी, पाच नंबरची खाट नव्याने भरल्यावर, अक्षताने नंदासमोर रजेचा अर्ज ठेवला. पंधरा दिवसांचा. मी तिथेच भिंतीला घडी घालून उभी होते. नंदाने वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"कारणात हे काय लिहिलंस? 'माणसं गेली'?"

"हो."

"अगं, असं कारण चालत नाही. ताप लिही, पाठदुखी लिही."

"मला ताप नाही, सिस्टर. खोटं लिहिलं, तर परत आल्यावर तुम्ही विचाराल, ताप उतरला का. मी काय सांगू?"

नंदा पेन हातात धरून बसली. तिचं तोंड नेहमीसारखंच होतं, पण ती माझ्याकडे पाठ करून बसली होती, म्हणून मला खरं ते दिसलं. तिचीही पाठ लाकडाचीच होती. अक्षताच्या कितीतरी आधीपासून. तिने सही केली आणि कागद पुढे ढकलला. "जा," म्हणाली. "मला नाही जमलं असं लिहायला. तू जा."

घाटकोपरच्या ऑफिसला अक्षताने काय कळवलं? काहीच नाही. शनिवार तसाच मावळला. सोळाव्या दिवशी ती आली. पिना लावलेल्या, युनिफॉर्म इस्त्रीचा, आणि कुंदाशी बोलताना मधेच खुदकन हसली. मला वाटलं, आली माझी पोर. पण ती निरोप घ्यायला आली होती. तळमजल्यावर लहान मुलांना लस देतात, तिथे तिने काम मागून घेतलं होतं.

"तिथे पण रडारडच असते," ती कुंदाला म्हणाली. "पण सुई टोचली की पाच मिनिटांत आईच्या कडेवर बसून घरी जातात गं."

जाताना तिने माझ्या कापडावरून हात फिरवला. तिला बरं वाटावं म्हणून मी ताठ उभी राहिले. खरं सांगते, मला बरं वाटलं नाही. तिच्यासारखा हात या मजल्यावर परत आलेला नाही. लोक म्हणाले, अक्षता सिस्टर कच्ची निघाली. मी लोकांना ओळखते. ज्यांनी एकही मेलेलं माणूस धुतलं नाही, त्यांच्या जिभेला हाड नसतं. ती कच्ची नव्हती. तिला आम्ही उपाशी ठेवून वाढायला लावलं होतं.

मित्रांनो, माझ्यासाठी मी काही मागत नाही, मागण्याचा माझा स्वभाव नाही. माझं कापड धुतलं जातं, चाकांना कुंदा तेल घालते. आता छताला पडदे लावायचं बोलणं चाललंय, म्हणजे मी भंगारात जाईन. जाऊ दे. पण तुमच्यापैकी कोणाची आई, ताई, मावशी नर्स असेल, त्याच्याशी मला बोलायचं आहे. ती कामावरून आली की दारातच अंगावर धावून जाऊ नका. तिला चपला काढू द्या, चार घास खाऊ द्या. ती बोलली नाही तर रुसू नका, जवळ बसा. आणि कधी जेवता जेवता ती कोणा परक्या माणसाचं नाव घेऊन काही सांगू लागली, की ते असं म्हणायचे, तसं करायचे, तर "आम्हाला काय त्याचं" म्हणू नका. ऐका. त्या माणसाला तुम्ही कधी पाहिलेलं नाही, आणि आता ते दिसणारही नाही. पण त्याचं अंग शेवटचं तुमच्या आईने पुसलेलं असतं.